आमचा जोसाया, जहाज ॲस्टर्ली

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार. नियम पहिला.

सकाळी पहिला हेरिटेज वॉक केला. होबार्टमध्ये अडुसष्ट वर्षं काढली, पण गावाचा वसाहतकाळ असा पायी हिंडून पाहिला नव्हता, कारण मला सगळं आधीच माहीत होतं. फ्रँकलिन स्क्वेअरच्या कारंज्यापासून निघायचं, सलामांका, बंदर, हंटर स्ट्रीट करत शेवट वॉपिंगमध्ये. तिथे पूर्वी गरिबांची वस्ती होती, आता कार पार्क आहे. दोन तास. तेरा माणसं.

गाइड फिलिपा डिरीन. पन्नाशीची, लाल टोपीवाली. सुरुवातीलाच तिने सांगितलं की ही जमीन इथल्या मूळ रहिवासी मुविनिना लोकांची, ती कुणी त्यांना विचारून घेतली नाही. यात चार मिनिटं गेली. आटोपशीर करता येईल. एकूण चुका अकरा. तारखांच्या दोन, बाकी रस्ता ओलांडण्याच्या.

एकतीस वर्षं ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या मी. रिटायर झालो तरी क्लिपबोर्ड जवळ असतोच. चूक दिसली की पेन आपोआप चालतं, त्याला मी काय करू? वॉक संपल्यावर कागद फिलिपाच्या हातात दिला. ती म्हणाली, मिस्टर टॅपिंग, तुम्ही मला ओळखलं नाहीत वाटतं. ब्याण्णव साली दोनदा नापास केलंत मला, आरसा बघितला नाही म्हणून. मी म्हटलं, मग बघायचा होता. ती बराच वेळ हसत होती. आमचं जमणार.

बातमी: वॉकवाल्यांना मे महिन्यापासून एक नवा गाइड हवाय. आधी अर्ज, मग वीस मिनिटांचा छोटा वॉक घेऊन दाखवायचा. म्हणजे टेस्टच. निवड झाल्यात जमा.

बायको ग्लेनिस सोबत होती. थर्मास धरायला.

७ फेब्रुवारी, बुधवार.

माझी बाजू भक्कम आहे ती जोसायामुळे. जोसाया टॅपिंग, माझे खापरपणजोबा. १८३१ साली विलायतेहून ॲस्टर्ली जहाजातून कैदी म्हणून इथे आले. गुन्हा: जमीनदाराचं मळणीयंत्र फोडलं. शिक्षा: सात वर्षं. इथे आल्यावर मुकादमाशी उद्धट बोलल्याबद्दल छत्तीस फटके. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तोंड लपवून बसली असती. तिच्या काळी घराण्यात कैदी निघाला की ठरलेली लग्नं मोडायची. आता उलट आहे. आता ज्याच्या घराण्यात कैदी नाही तो पार्टीत कोपऱ्यात चीज खात उभा राहतो.

कैद्यांच्या वंशजांच्या मंडळात आम्ही जहाजावरून ओळखले जातो. माझ्या कोटावर पितळी पिन आहे, ॲस्टर्ली. वर्षातून एकदा जेवण असतं तेव्हा टेबलंसुद्धा जहाजाप्रमाणे लावतात. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त फटके जोसायाचेच. गेल्या वर्षी एकाने चाळीस सांगितले होते. मी कागद मागितला. त्याच्याकडे नव्हता.

माझ्याकडे आहे. अभिलेखागारातून आणलेली जोसायाच्या नोंदीची नक्कल, फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय. नऊ वर्षं रोज बघतोय. वर्णनात लिहिलंय, डाव्या करंगळीचं टोक नाही. माझीही डावी करंगळी जरा वाकडी आहे. ग्लेनिस म्हणाली, रसेल, कापलेलं बोट पिढ्यांत उतरत नाही. तिला शास्त्रात गती नाही.

११ फेब्रुवारी, रविवार.

दुसरा वॉक. चुका नऊ. फिलिपा सुधारतेय, माझ्या कागदाचा परिणाम.

अर्जाचे फॉर्म घेतले. ग्लेनिसने आपणहून दोन मागितले. माझा एखादा खराब झाला तर असावा म्हणून. एवढं सुचतं तिला.

ती आज थर्मास माझ्याच हातात देऊन पुढे फिलिपाबरोबर चालत होती. बायकांच्या तुरुंगाबद्दल काहीतरी विचारत होती. बायकांचा तुरुंग आमच्या वॉकमध्ये येतच नाही, तो वर कॅस्केड्सकडे. विषयांतर.

२१ फेब्रुवारी, बुधवार.

ग्लेनिस बसने अभिलेखागारात गेली. गेल्या बुधवारीही गेली होती. मी म्हटलं, मी सोडतो. नको म्हणाली.

तिला लायसन्स नाही. एक्क्याऐंशी साली ती माझ्याकडेच टेस्टला आली होती. तीनदा नापास केली. चौथ्या वेळी मी म्हटलं, राहू दे आता, मी नेत जाईन तुला. तेच आमचं लग्नाचं बोलणं झालं. तेव्हापासून मीच नेतोय आणि तिची कधी तक्रार नाही.

अभिलेखागारात तिचं काय काम? विचार केला. २ मेला माझा वाढदिवस. जोसायाचं आणखी काही हाती लागतंय का बघत असणार. मी काही कळलंय असं दाखवणार नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.

ग्लेनिस परत आली. कोट न काढता हॉलमध्ये फ्रेमसमोर उभी राहिली. मग विचारलं, तुझे पणजोबा एडविन, त्यांचा जन्म कोणत्या सालचा? मी म्हटलं, अठराशे सत्तेचाळीस. तोंडपाठ आहे मला. ती म्हणाली, रसेल, जोसाया टॅपिंग दोन होते. मी म्हटलं, बातम्या लागल्यात. ती म्हणाली, ऐकून तरी घे. मी म्हटलं, बातम्यांनंतर.

बातम्यांनंतर ती बागेत होती. काही तातडीचं असतं तर थांबली असती.

१० मार्च, रविवार.

वंशजांचं जेवण. माझं भाषण छान झालं, बावीस मिनिटं. सर्वांसमोर जाहीर केलं की हेरिटेज वॉकचा नवा गाइड मी होणार आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हणजे निवड झाली? मी म्हटलं, औपचारिकता उरलीय. त्यांनी १४ एप्रिलला ॲस्टर्लीच्या टेबलावरच्या सहा जणांना घेऊन यायचं कबूल केलं. जोसायासाठी.

गाडीत ग्लेनिस म्हणाली, तू हे लोकांना सांगायला नको होतंस. मी म्हटलं, का? ती म्हणाली, कारण तो तुझा जोसाया नाही. मी गाडी कडेला घेतली, सिग्नल देऊन. म्हटलं, ग्लेनिस, नऊ वर्षं तो माणूस आपल्या हॉलमध्ये आहे. ती म्हणाली, हॉलमध्ये कुणालाही लावता येतं.

मला हे लागलं. इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो.  घरी आल्यावर लक्षात आलं: ती मला परीक्षेसाठी तयार करतेय. लोक उलटसुलट प्रश्न विचारतील, त्याची सवय व्हावी म्हणून. टेस्टआधी नवऱ्याला असं तावूनसुलाखून घेणारी बायको मिळायला नशीब लागतं.

२० मार्च, बुधवार.

कल्पना. जोसायाची नोंद मोठी करून घ्यायची. लोकांना कागद दिसला की तोंडं बंद होतात. ग्लेनिसला घेऊन प्रिंटवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, जेवणाच्या टेबलाएवढी करू? मी म्हटलं, करा.

ग्लेनिसने मध्येच माझं मनगट धरलं. म्हणाली, मोठी करू नकोस. निदान ती वरची कोपऱ्यातली ओळ एकदा भिंग घेऊन बघ. मला माहीत आहे, तिथे कारकुनाने काहीतरी खरडलंय. सही असणार. मी प्रिंटवाल्याला म्हटलं, कोपरे कापू नका, सगळं येऊ द्या, अगदी सहीसकट.

ग्लेनिस बाहेर जाऊन बसस्टॉपवर उभी राहिली. मी गाडी घेऊन शेजारी थांबलो, दार उघडलं. ती म्हणाली, येते मी माझी. आणि बसमध्ये चढली. माझी गाडी समोर उभी असताना, एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

३१ मार्च, रविवार.

टेस्टच्या तारखा लागल्या. ७ एप्रिल: बर्नार्ड हॉक्सबी, निवृत्त दंतवैद्य. १४ एप्रिल: मी. २१ एप्रिल: जी. मंडे.

हॉक्सबीची भीती नाही, त्याला तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशीच बोलायची सवय आहे. ही जी. मंडे कोण? ग्लेनिसचं माहेरचं नावही मंडे. पण होबार्ट केवढं, इथे मंडे चिक्कार. मी ग्लेनिसला म्हटलं, तुझी कुणी लांबची बहीण वगैरे तर नाही? ती म्हणाली, लांबची नाही. आणि भांडी घासायला लागली.

७ एप्रिल, रविवार.

हॉक्सबीचा वॉक. चुका चौदा. त्याचे पूर्वज लष्करी बँडमध्ये तुतारी वाजवायचे. श्रोत्यांत दोघांनी फोन काढले. पास होणार नाही.

आता फक्त मी आणि ती मंडे. जेवण जात नाही. हे उत्साहामुळे.

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.

तयारी पूर्ण. तीन थांबे. तिसरा वॉपिंगमध्ये, कार पार्कच्या भिंतीपाशी. तिथे जोसायाच्या मोठ्या केलेल्या नोंदीचा बोर्ड उघडायचा आणि म्हणायचं: माझ्या अंगात कुणाचं रक्त आहे ते आता तुम्हीच वाचा. सरावाच्या वेळी या वाक्याला माझाच आवाज भरून आला.

ग्लेनिस तीनदा खोलीत येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, रसेल, उद्या तुझ्यासाठी मला वाईट वाटायला नकोय. मी म्हटलं, मग वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, तू माणसं नापास करण्यात इतका गुंतलेला असतोस की समोर लिहिलेलं दिसत नाही तुला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. 

नंतर तिने माझ्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी घातली. दुकानातून आणायच्या सामानाची असणार. वॉकनंतर आणीन.

१४ एप्रिल, रविवार. सकाळी ७.

डोंगरावर बर्फ. खाली वारा. बोर्डाला मागून पट्टी लावली. ग्लेनिसने अंडी केली, तिने खाल्ली नाहीत, मीही नाही. पिन घासून लावली. आज दिवस माझा.

१४ एप्रिल, रविवार. दुपारी ३.

काय झालं ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा.

एकोणीस माणसं. सहा ॲस्टर्लीची. हॉक्सबीही आला होता. फिलिपा क्लिपबोर्ड घेऊन. पहिला थांबा उत्तम. सुरुवातीच्या मुविनिना लोकांच्या भागाला मी फाटा दिला, फिलिपाने काहीतरी लिहिलं. दुसऱ्या थांब्यावर वाऱ्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही, आपापसात बोलत राहिले.

तिसरा थांबा. बोर्ड उघडला. वाक्य म्हटलं. आवाज भरून आला.

ॲस्टर्लीच्या टेबलावरचे एक म्हातारे आहेत, मोतीबिंदू काढून आलेले. ते पुढे झाले आणि मोठ्याने वाचायला लागले. मळणीयंत्र वाचलं. फटके वाचले. लोकांनी माना हलवल्या. मग ते वरच्या कोपऱ्यात गेले. कारकुनाची सही माझ्या तळहाताएवढी झाली होती. त्यांनी वाचलं: मृत, वसाहतीच्या इस्पितळात, १२ मार्च १८३६, अविवाहित.

 कार पार्कमध्ये एक गाडी रिव्हर्स घेत होती, तिचा टुंई टुंई आवाज. आरसा न बघता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, रसेल, तुझे पणजोबा कधी जन्मले म्हणालास? मी बोर्डाची पट्टी सरळ करत राहिलो. बोर्डाच्या मागून कुणीतरी बोललं, सत्तेचाळीस, जेवणात सांगितलं होतं की. मग एका बाईने विचारलं, तुम्ही मग नक्की कुणाचे? वाईट हेतूने नाही, साधं विचारलं. मला घाम फुटला. रुमाल काढायला खिशात हात घातला तर चिठ्ठी हाताला लागली. उघडली. सामानाची नव्हती. लिहिलं होतं: कोपऱ्यातली ओळ वाच. बोर्ड नेऊ नकोस. मी उद्या तुझ्याबरोबरच उभी असेन, काहीही झालं तरी. ग्ले.

मी तिच्याकडे बघितलं. कसं बघितलं असेल ते सांगता येत नाही. ती मागून पुढे आली. एकोणीस माणसांनी वाट करून दिली.

ती म्हणाली, यांचा जोसाया दुसरा. तो अठराशे चाळीस साली आला, स्वतःचं तिकीट काढून, केबिनमधून. बरोबर बायको, दोन कोंबड्या आणि एक तराजू. या वस्तीत तो पाव तपासणारा इन्स्पेक्टर होता. दुकानात शिरायचा, चार पौंडी पाव तराजूत टाकायचा, जरासा कमी भरला की सगळी चळत जप्त. आणि हे मला कसं माहीत, तर इथे, अगदी या भिंतीच्या जागी, माझी खापरपणजी पाव भाजायची. केझाया मंडे, जहाज लेडी हारकोर्ट. मालकिणीच्या घरातून पिठाची पिशवी उचलली म्हणून सात वर्षं. सुटल्यावर तिने भट्टी टाकली. आणि यांच्या जोसायाने तिचा पाव तेरा वेळा जप्त केला.

कुणीतरी हसलं. ग्लेनिस थांबली, हसू दिलं. हे तिला कुणी शिकवलं?

मग म्हणाली, चौदाव्या वेळी पाव भारी भरला. कायदा म्हणतो कमी नको, जास्तीबद्दल बोलत नाही. जोसायाने नाइलाजाने पास केला आणि सवयीप्रमाणे एक पाव नमुना म्हणून घरी नेला. रात्रीच्या जेवणाला त्याचे दोन दात पडले. आत घोड्याची नाल भाजली होती. त्याने फिर्याद केली, त्याची फाइल आहे. मॅजिस्ट्रेटने एकच प्रश्न विचारला, वजन कमी होतं का? जोसाया म्हणाला, नाही. खटला काढून टाकला.

ते सगळे हसले. ॲस्टर्लीचे म्हातारे डोळे पुसत होते. हॉक्सबी तर दातांचं ऐकून भिंतीला टेकला. आणि ग्लेनिस म्हणाली, टॅपिंग लोकांचा माणसं नापास करण्याचा जुना धंदा आहे. मलाही तीनदा केलं. चौथ्यांदा व्हायचं नव्हतं म्हणून लग्न केलं. मग तिने माझा हात धरला. मी तो काढून घेतला.

हे शेवटचं लिहायचं नव्हतं, पण नियम पहिला.

१५ एप्रिल, सोमवार.

काही नाही.

१६ एप्रिल, मंगळवार.

पिन पाकिटात घालून मंडळाला पाठवून दिली. चिठ्ठीत लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव. फ्रेम उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, बाकीची भिंत इतकी मळलीय हे कळलं नव्हतं.

१७ एप्रिल, बुधवार.

ग्लेनिस बुधवार असून बाहेर गेली नाही. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. मी म्हटलं, केझायाबद्दल कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तू कधी विचारलंस? नऊ वर्षं हॉलमध्ये तुझा माणूस लटकत होता. मलाही कुणी असेल, असं एकदा तरी मनात आलं तुझ्या?

मी म्हटलं, तुझ्या आईने तर कधी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, आईने घरच्या बायबलमधलं ते पान शिवणाच्या कात्रीने कापून काढलं होतं. लाज वाटायची तिला. ते बायबल तू पाहिलंयस, लग्नाच्या आठवड्यात. तू काय म्हणालास आठवतं? म्हणालास, पान फाटलंय, पुस्तकं नीट ठेवायला हवीत.

आठवत नाही. पण मी असं म्हणालो असेन.

ती म्हणाली, मलाही बोलायचं असतं, रसेल. तू बोलायला लागलास की मी मनात शंभरपर्यंत मोजते. चाळीस वर्षांत मी किती मोजलं असेल. तिचे डोळे भरले होते. मी चहा केला. साखर विसरलो. तिने तसाच प्यायला.

तिला विचारलं, जी. मंडे म्हणजे तूच? ती म्हणाली, तुला खरंच आत्ता कळलं? मी म्हटलं, छे, शंका होतीच.

२१ एप्रिल, रविवार.

ग्लेनिसची टेस्ट. मी गेलो. क्लिपबोर्ड घरी ठेवला. गाडीपर्यंत घेतला होता, परत नेऊन ठेवला.

निकाल लगेच. फिलिपाने मला बाजूला घेऊन माझा कागद दिला. बावीस चुका. पैकी चार मला मान्य नाहीत. खाली एक ओळ: उमेदवार मागे बघत नाही. मी म्हटलं, हे सूडाने लिहिलंय का? ती म्हणाली, मिस्टर टॅपिंग, दोनदा नापास झाल्यावर मी गाडी नीट चालवायला शिकले, त्याचे आभार मानायचे राहिले होते. पण हे खरं तेच लिहिलंय.

निवड: जी. मंडे.

फिलिपा म्हणाली, मोठ्या गटाला शेपटाचा माणूस लागतो. सगळ्यात मागे चालायचं, कुणी सुटत नाही ना बघायचं, रस्ता ओलांडताना गाड्या थांबवायच्या. बोलायचं काही नाही. कराल का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. मोठं सुरक्षेचं पद आहे, अनुभवी माणूसच लागणार. ग्लेनिस लांबून बघत होती. मी हो म्हटलं.

२ मे, गुरुवार.

वाढदिवस. ग्लेनिसने शिंपल्यांची स्कॅलप-पाय भाजली. भेट: जोसायाच्या फिर्यादीची नक्कल, लहान आकारात. कोपऱ्यात त्याची सही आहे, खरीखुरी. अक्षर माझ्यासारखं. फ्रेम करू का विचारलं. नको म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हटलं, कर.

५ मे, रविवार. दुपारी २.

ग्लेनिसचा पहिला वॉक. सोळा माणसं. मी पिवळं जाकीट घालून मागे. जमीन कुणाची हे तिने पहिल्यांदा सांगितलं, पाच मिनिटं घेतली. मी घड्याळ बघितलं नाही. एकदाच बघितलं.

कोटावर नवी पिन होती, लेडी हारकोर्ट. सुरुवातीला ती पिन सारखी चाचपत होती, मला मागूनही दिसलं. दुसऱ्या थांब्यापर्यंत ते थांबलं. हंटर स्ट्रीटवर मी एक व्हॅन अडवून धरली. ड्रायव्हर काहीतरी बोलला. त्याने इंडिकेटर दिला नव्हता, पण मी गप्प राहिलो.

वॉपिंगच्या भिंतीपाशी तिने पिशवीतून पाव काढला. पहाटे उठून स्वतः भाजलेला, केझायाच्या मापाचा. दोन्ही हातांवर उंच धरला आणि म्हणाली, चार पौंड, रतीभरही कमी नाही, आणि आज आपल्यात एक टॅपिंग हजर आहे, त्यालाच विचारू. सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी त्याचं वजन केलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दोनदा. नव्वद ग्रॅम कमी.

ती बघत होती. हसत होती, पण डोळ्यांत ते तिसऱ्या टेस्टच्या वेळचं होतं, गाडी थांबवून माझ्या पेनाकडे बघत बसली होती तसं. मी हात वर केला. म्हटलं, बरोबर भरलाय. पास.

टाळ्या झाल्या. तिने पाव मोडला आणि तुकडे हातोहात मागे येऊ लागले. शेवटच्या माणसापर्यंत पुरला नाही.